मेकॅनिकल फ्युएल पंपाचं रिपेअर किट: नुसत्या डायफ्रॅमवर भागवू नका

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचा फ्युएल पंप गेला की दोन मार्ग असतात. किट आणून आहे तोच पंप उघडायचा, नाहीतर कडा दाबून कायमचा बंद केलेला नवा पंप बसवायचा. पंपाची बॉडी स्क्रूंनी जोडलेली असेल आणि लिव्हरची पिन ढिली झाली नसेल, तर आमचं मत सरळ किटच्या बाजूने आहे. मात्र किट पूर्ण हवं. डायफ्रॅम (पंपातला लवचिक रबरी पडदा) आणि दोन पॅकिंग एवढंच असलेली पुडीही किट म्हणूनच विकली जाते, ती घेऊ नका.

पूर्ण किटमध्ये पुलरॉडसकट (ओढणाऱ्या दांड्यासकट) डायफ्रॅम, दोन्ही व्हॉल्व्ह, त्यांच्या खालची पॅकिंग, पुलरॉडचं ऑइल सील, डायफ्रॅमची स्प्रिंग, वरच्या झाकणाचं किंवा काचेच्या वाटीचं पॅकिंग आणि इंजिनाकडचं पॅकिंग असतं. यातलं सील आणि व्हॉल्व्ह स्वस्त किटमधून हमखास गायब असतात, आणि पुढचा बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो.

यातली स्प्रिंग फार महत्त्वाची आहे. ती का, हे कळायला पंपाचं काम नीट पाहावं लागतं. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरची एका बाजूला उंच असलेली चकती, म्हणजे एक्सेंट्रिक, पंपाचा लिव्हर ढकलते, लिव्हर पुलरॉड ओढतो आणि डायफ्रॅम खाली जातो. वरच्या पोकळीत ओढ तयार होऊन इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. लिव्हरचं काम इथेच संपतं. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलते ती डायफ्रॅमखालची स्प्रिंग. म्हणून पंपाचं प्रेशर मुख्यतः स्प्रिंगच्या जोरावर ठरतं, इंजिन किती जोरात फिरतंय यावर नाही. कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी वाटी) भरून त्याची वाट बंद करणारी निडल बसली की पेट्रोलला पुढे वाट राहत नाही. मग डायफ्रॅम खालीच थांबतो आणि लिव्हर आपल्या खेळात मोकळा हलत राहतो. चेंबरमधून जेवढं पेट्रोल खर्च होईल, तेवढंच स्प्रिंग वर ढकलते.

आता किटमधली स्प्रिंग जास्त कडक निघाली तर काय होईल ते बघा. ३ पीएसआय (दाबाचं माप) मागणाऱ्या कार्ब्युरेटरला ६ मिळू लागले की निडल सीटवरून उचलली जाते. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, प्लग काळे पडतात, गरम इंजिन पुन्हा चालू होताना त्रास देतं. लोक मग कार्ब्युरेटर खोलत बसतात. त्यापेक्षा जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभ्या करून मोकळी उंची, वेढे आणि तारेची जाडी ताडून पाहा. फरक दिसला आणि जुनी स्प्रिंग गंजलेली किंवा बसलेली नसेल, तर जुनीच परत घाला.

डायफ्रॅम घेताना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या बनावटीचं रबर अशा पेट्रोलमध्ये फुगतं आणि गाडी बराच काळ उभी राहिली की कडक होऊन तडकतं. त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ डायफ्रॅम मिळाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. उजेडासमोर धरून पाहा. स्क्रूच्या भोकांभोवती कापडाचे धागे सुटलेले नसावेत आणि पुलरॉडचा रिव्हेट हलू नये.

दोष ओळखायला बॉडीच्या खालच्या बाजूचं बारीक भोक उपयोगी पडतं. तिथून पेट्रोल ठिबकलं तर डायफ्रॅम फाटला, इंजिन ऑइल आलं तर पुलरॉडचं सील गेलं. सील नसलेल्या किटने दुसरा दोष कसा जाणार? हे भोक बुजवायचं मात्र कधीही नाही. फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल इंजिनातही उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला.

आता बसवण्याचं काम. आधी बॅटरी सोडा आणि टाकीकडून येणारा पाइप बुजवा. दोन्ही अर्ध्या बॉडींवर कानशीने आडवी खूण करा, नाहीतर जोडताना नळ्यांची दिशा बदलते. काही पंपांत डायफ्रॅम दाबून पाव फेरा फिरवला की पुलरॉड सुटतो, काहींत लिव्हरची पिन काढावी लागते. बॉडीच्या कडा स्क्रूंभोवती उचललेल्या असतात. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्या सपाट करून घ्या.

व्हॉल्व्ह दोन्ही दिसायला एकसारखे, पण बसतात एकमेकांच्या उलट. इनलेटचा पोकळीच्या आत उघडतो, आउटलेटचा बाहेर. एक जरी उलटा बसला तरी पंप पेट्रोल देणार नाही. प्लेटने धरलेले व्हॉल्व्ह सोपे असतात. ठोकून बसवायचे असतील तर कडेचा मऊ धातू सेंटर पंचने तीन-चार ठिकाणी आत दाबावा लागतो. इथे कंटाळा केला तर पेट्रोल व्हॉल्व्हच्या कडेने मागे सरकतं आणि नवं किट घालूनही रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्टर खात राहते.

सगळ्यात जास्त चुका स्क्रू आवळताना होतात. सगळे स्क्रू आधी फक्त टेकेपर्यंत लावा. मग लिव्हर पूर्ण दाबून डायफ्रॅम खालच्या टोकाला न्या, तसाच धरा, आणि तिरप्या क्रमाने थोडं थोडं आवळा. डायफ्रॅम वर असताना आवळला तर त्याला खाली जायला पुरेशी ढील उरत नाही. स्ट्रोक कमी पडतो आणि प्रत्येक हालचालीला रबर ताणलं जाऊन थोड्याच दिवसांत फाटतं. किटला दिलेला दोष खरं तर या एका पायरीचा असतो.

इंजिनावर चढवण्याआधी इनलेटवर बोट धरून लिव्हर हलवा. ओढ जाणवली पाहिजे आणि काही सेकंद टिकली पाहिजे. पंप आणि ब्लॉकमधल्या स्पेसरची आणि पॅकिंगची जाडी मूळचीच ठेवा. जास्त झाली तर लिव्हर कमी दाबला जातो, कमी झाली तर लिव्हरवर ताण येऊन तो तुटू शकतो. शिवाय तो स्पेसर इंजिनाची उष्णता अडवतो, त्यामुळे काढून टाकला की उन्हात व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं) होण्याची शक्यता वाढते. एक्सेंट्रिकची कमी उंचीची बाजू लिव्हरकडे येईल असं इंजिन फिरवून घ्या, म्हणजे बोल्ट लावताना जोर करावा लागत नाही.

पंप आणि कार्ब्युरेटरमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर गेज जोडा. लहान चार सिलिंडर इंजिनांना साधारण २.५ ते ४ पीएसआय पुरतात, मोठ्यांना ४ ते ६. खरा आकडा गाडीच्या मॅन्युअलचा. इंजिन बंद केल्यावर काटा लगेच पडला तर कार्ब्युरेटरकडचा रबरी पाइप टीच्या पुढे चिमटून परत पाहा. आता काटा टिकला तर निडल गळते आहे, तरीही पडला तर पंपाचा व्हॉल्व्ह.

लिव्हरच्या तोंडाला खोल खाच पडली असेल किंवा पिनचं भोक लांबट झालं असेल तर किटचे पैसे वाया जातील. तिथे नवा पंप घ्या, पण लिव्हरचा आकार आणि छापलेलं प्रेशर जुळवून. कडा दाबून बंद केलेल्या पंपाची स्प्रिंग नंतर बदलता येत नाही.

आणि किट मागवण्याआधी टाकीकडचा रबरी पाइप बदलून पाहा. ओढीच्या बाजूची चीर पेट्रोल गळू देत नाही, हवा आत घेते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र तुंबलं असेल तरी गाडी थोडी चालून बंद पडते. झाकण सैल केल्यावर ती पुन्हा नीट चालू लागली, तर पंपाला हात लावायची गरज नाही.