लग्नाचे फोटो आधी शिकावेत की पोर्ट्रेट?

फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा असतो. कॅनन घेऊ की निकॉन, नव्या धर्तीचा, आत आरसा नसलेला मिररलेस घेऊ की आरशाचा जुना डीएसएलआर चालेल? मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. घरी खिडकीशी एक माणूस बसवून पोर्ट्रेट काढत शिकायचं, की लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली थेट मांडवात उतरायचं? मी आधी मांडवात उतरलो आणि खिडकीकडे नंतर वळलो. आज कुणी विचारलं तर मी उलटा क्रम सांगतो, पण सगळ्यांना नाही.

पोर्ट्रेटला खर्च कमी. साधी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), त्यावर ५० एमएम एफ १.८ लेन्स, बस्स. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे स्वस्त कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरवर, ही लेन्स साधारण ७५ ते ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे चेहऱ्यासाठी अगदी योग्य. शिवाय ती तुम्हाला चार पावलं मागे सरायला लावते. जवळ जाऊन वाइड लेन्सने चेहरा काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. तो दोष लेन्सचा नसून अंतराचा, आणि हे पोर्ट्रेट काढतानाच कळतं. लग्नाला मात्र दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या झूम लेन्स, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, दोन कार्डांवर एकदम लिहिणारा कॅमेरा एवढं लागतं. हाताखाली काम करणाऱ्याला यातलं काही विकत घ्यावं लागत नाही, हा त्या वाटेचा मोठा फायदा.

आता प्रकाशाबद्दल. पोर्ट्रेट म्हटलं की मराठी माणसाला छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) आठवतात. तसा चेहरा उजळायला मोठा स्टुडिओ हवा असं नवख्याला वाटतं. मला रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत चेहऱ्यावर उलटवणारी वस्तू, काय असते ते शेजारच्या आजींनी शिकवलं. त्यांना खिडकीशी पाटावर बसवलं होतं. पदर सारखा करायच्या, कॅमेऱ्याकडे बघायच्या आणि चेहरा आवळून घ्यायच्या. दहा-बारा फोटो वाया गेले. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तुझं होईपर्यंत तांदूळ तरी निवडते.’ तांदळाचं मोठं ताट मांडीवर घेतलं आणि हात कामाला लागल्यावर चेहरा आपोआप सैलावला. खिडकीचा उजेड एका गालावर होताच, पण त्या पांढऱ्या तांदळांवरून उलटलेला उजेड हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत शिरला होता. ताट बाजूला केलं तर सावली परत आली. ते ताट मी त्या दुपारी सात-आठ वेळा सरकवून पाहिलं असेल.

मांडवात असं काही सरकवून बघता येत नाही. हळदीला पिवळ्या कापडाखाली बसलेल्या नवरीचा अख्खा चेहरा पिवळा येतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सारखे करणारी कॅमेऱ्याची सोय, गोंधळतो. सगळे घाईत असतात आणि तुम्हाला उत्तर आधीच माहीत असावं लागतं: पाट मांडवाच्या कडेला, मोकळ्या आभाळाच्या उजेडात घ्यायला सांगायचं. रिसेप्शनला स्टेजवरच्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की बहुतेक वेळा पट्टे जातात. ग्रुप फोटोत पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळी, हाही नेहमीचा प्रकार. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणून थोडं मागे सरून फोटो घ्यायचा, म्हणजे दोन रांगांच्या अंतरातला फरक तुलनेने कमी होतो. मांडवात ही तुमची परीक्षा असते. तिचा अभ्यास घरीच होतो.

मग लग्न काय शिकवतं? येणारा क्षण ओळखायला. ते कुठल्याही खिडकीशी शिकता येत नाही.

अंतरपाट घ्या. मंगलाष्टकं किती म्हटली जातील याचा नेम नसतो. मामी म्हणतात, आत्या म्हणतात, कुणीतरी स्वतः रचलेलं आणलेलं असतं. पण गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं की समजायचं, आता अंतरपाट दूर होणार. त्याआधीच बाजूला, दोघांचेही चेहरे दिसतील अशा जागी उभं राहायचं. नवरीच्या पाठीमागे राहिलात तर फक्त नवरदेव मिळतो. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता हवेत असतात, वाजंत्री घुमते आणि मित्रमंडळी नवरदेवाला उचलायला पुढे घुसतात. मुंडावळ्या चेहऱ्यासमोर झुलत असतात, आणि लेन्स एफ १.८ वर उघडी ठेवलीत, म्हणजे अगदी पातळ थरच स्पष्ट येत असेल, तर फोकस डोळ्यांऐवजी त्यांच्यावरच बसतो.

माझ्या दुसऱ्याच लग्नात मी नेमक्या त्या वेळी कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर आधीचा फोटो तपासत होतो. मुख्य फोटोग्राफर पलीकडच्या बाजूला होता, त्याला हार घालण्याचा फोटो मिळाला. पण नवरीची आई माझ्या बाजूला उभी होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने एक हात तोंडावर ठेवला होता, ते मी मान वर केली तेव्हा पाहिलं. कॅमेरा उचलेपर्यंत तिने डोळे पुसून अक्षता टाकल्या होत्या. तो फोटो त्या घरात नाही. आजही मांडवात मी पडद्याकडे बघत नाही.

म्हणून माझं मत असं. ज्याला वर्षभरात यावर पोट भरायचंय, त्याने हाताखाली जावं. पैसे थोडे मिळतात, पहिले महिने लाइटचा स्टँड धरण्यात आणि बॅगा सांभाळण्यात जातात, पण यजमानांशी कसं बोलायचं, सीमांतपूजनापासून सूनमुखापर्यंत काय चुकवायचं नाही, रात्री घरी जाण्याआधी कार्डं दोन ठिकाणी कॉपी करायची, हे अंगात मुरतं. तिथला धोकाही सांगतो. ठरलेल्या पोझ आणि ठरलेला फ्लॅश यांची सवय लागते, आणि पाच वर्षांनीही हात तेच करतात. मी असे हात पाहिलेत.

ज्याच्याकडे थोडा वेळ आहे, नोकरी किंवा कॉलेज चालू आहे, त्याने पोर्ट्रेटपासून सुरुवात करावी. यात आपलं पंचांगच मदतीला येतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, आणि पावसाळी आभाळ म्हणजे फुकटचा प्रचंड सॉफ्टबॉक्स, म्हणजे स्टुडिओत उजेड मऊ करणारी पेटी. त्या चार महिन्यांत घरचे, शेजारचे, कोपऱ्यावरचा चहावाला असे तीस-चाळीस चेहरे नीट काढा. तुळशीची लग्नं लागली की मांडवात जा. एरवी सहा महिने स्टँड धरून उमगलं असतं, ते पहिल्याच हंगामात उमगेल.

कोर्सबद्दल थोडक्यात: जाहिरात किंवा फॅशनकडे जायचं असेल तर मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणचं रीतसर शिक्षण वेगळीच दृष्टी देतं. फक्त लग्नांसाठी मात्र दोन-तीन दिवसांच्या महागड्या कार्यशाळेपेक्षा एका चांगल्या माणसाबरोबरचा एक हंगाम मला कधीही जास्त मोलाचा वाटतो.

हाताखाली जाताना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारून घ्या. मी काढलेल्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने काहीही संस्कार न केलेल्या मूळ फाइल्स) मला मिळतील का, आणि त्यातले फोटो स्वतःचं काम म्हणून दाखवायला तुमची आणि यजमानांची परवानगी असेल का? दोन्हीला नकार आला तरी काम शिकता येतं. पण मग हंगाम संपल्यावर दाखवायला हातात काही नसेल, आणि पावसाळ्यात काढलेले ते तीस-चाळीस चेहरेच तुमचा पहिला अल्बम ठरतील.