"पॅनल गेलं भाऊ" म्हणत माझा धडधाकट मॉनिटर नेला

लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, नागपुरात नंदनवनला घरूनच. एप्रिलमध्ये लॅबमधून प्रिंट काळपट यायला लागले म्हणून बर्डीच्या एका दुकानदाराला कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून ठीक करायला, बोलावलं. फी १८०० रुपये.

भर दुपारी आला. स्क्रीनला लावून रंग मोजायचा सेन्सर ॲक्टिव्हाच्या डिक्कीतून काढला, हाताला चांगलाच गरम लागत होता. मॉनिटर नुकताच सुरू केलेला. मोजण्याआधी अर्धा तास चालू ठेवावा लागतो हे मला तेव्हा कुठे माहीत! दहा मिनिटांत काम उरकलं आणि राखाडी रंग हिरवट दिसू लागला. नवरी तर काविळीतून उठल्यासारखी. त्याने पुन्हा सेन्सर लावला, पुन्हा तेच.

"पॅनल गेलं भाऊ तुमचं. गिऱ्हाईक अल्बम तोंडावर फेकून मारन."

लग्नसराई डोक्यावर, मी घाबरलो. माझा मॉनिटर ४००० ला धरून, वर १३,००० घेऊन त्याने 'फोटो एडिटिंगचा स्पेशल' आणून दिला. त्यावर मात्र सेन्सर लावलाच नाही. म्हणे, "हा फॅक्टरीतूनच होऊन येते." इथे तरी माझं डोकं चालायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात धरमपेठचा एक फोटोग्राफर मित्र आला. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "प्रोफाइल काढून पाह्यलं होतं का बे?"

नव्हतं. कॅलिब्रेशनने पॅनलला काहीच होत नाही. सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डात दुरुस्ती भरतं आणि प्रोफाइल, म्हणजे मॉनिटरच्या रंगांची फाइल, लिहितं, एवढंच. म्हणून छटा आली की आधी विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमधून ते प्रोफाइल काढायचं, कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत असेल तर तेही बंद करायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. छटा गेली तर मोजमाप चुकलंय. राहिली तर स्क्रीन पिवळसर करणारा विंडोजचा नाइट लाइट चालू आहे का आणि मॉनिटरच्या मेनूत लाल-हिरवा-निळा कुणी हलवलाय का, ते बघायचं. म्हातारं पॅनल हळूहळू पिवळं पडतं. दहा मिनिटांत हिरवं होत नाही.

मोजमाप का चुकतं? जुन्या सेन्सरमधले फिल्टर उष्णता, दमट हवा आणि वयाने उतरतात. त्यात सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार चुकीचा निवडला, म्हणजे एलईडी मॉनिटरला जुन्या ट्यूबवाल्याचं सेटिंग दिलं, की आणखी गोंधळ. नागपूरच्या उन्हाळ्यात डिक्कीत फिरणाऱ्या सेन्सरवर विसंबून मी ४००० ला मॉनिटर दिला!

मित्राने स्वतःचा सेन्सर लावून पांढऱ्यासाठी ६५०० केल्व्हिन, मधल्या छटांसाठी गॅमा २.२ धरलं आणि ब्राइटनेस १०० कँडेलाच्या आसपास आणला. मी कायम फुल ठेवायचो. स्क्रीन लख्ख, म्हणून फोटो मीच काळे करत होतो. मूळ दुखणं एवढंच. आणि 'स्पेशल' मॉनिटर? साधं एसआरजीबीसुद्धा, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेले नेहमीचे रंगही, पूर्ण दाखवत नाही.

दुकानात भांडायला गेलो. काउंटरवर माझाच मॉनिटर उभा, स्टँडवर पोराने चिकटवलेल्या स्टिकरचा डाग तसाच. किंमत ११,००० आणि वर चिठ्ठी: 'स्टुडिओ कंडिशन'.

"हा तुमचा नाही भाऊ," म्हणाला. "बिल आहे का?"

बिल घेतलं नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.