‘मेसेंजर सर्व्हिस’ची चौकट: जे फुकट बंद होतं, त्याचेच पैसे घेतले गेले

विंडोज २००० किंवा एक्सपी चालवणाऱ्या जुन्या मशीनवर अचानक एक साधी चौकट उघडायची. मथळा ‘मेसेंजर सर्व्हिस’, खाली अमक्याकडून तमक्याला, तारीख, वेळ आणि मजकूर: तुमच्या सिस्टममध्ये गंभीर चुका सापडल्या आहेत, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) बिघडली आहे, ताबडतोब अमुक साइटवर जाऊन दुरुस्तीचा प्रोग्रॅम घ्या. बटण एकच, ‘ओके’. ते दाबलं की थोड्या वेळाने दुसरी चौकट हजर. बरेच लोक इथेच फसले, आणि त्यांना सरसकट भोळे म्हणता येणार नाही. चौकट खरोखरच विंडोजची होती, फक्त आतला मजकूर भलत्याचाच होता.

ही सोय मुळात ऑफिसच्या नेटवर्कसाठी होती. सर्व्हर बंद होणार आहे, प्रिंट निघाली आहे, यूपीएसची बॅटरी संपत आली आहे, असे निरोप ‘नेट सेंड’ या कमांडने सगळ्यांच्या पडद्यावर टाकता यायचे. पाठवणारा कोण याची खातरजमा करण्याची व्यवस्था तिच्यात नव्हती. ‘कोणाकडून’ हा नुसता मजकुराचा रकाना. पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तिथे ‘सिस्टम’ लिहा, ‘सिक्युरिटी’ लिहा, समोर तेच दिसणार. मशीन थेट इंटरनेटला जोडलेलं आणि यूडीपी १३५ पोर्ट (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून माहिती आत येण्याचं क्रमांकाचं दार; यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) उघडा असेल, तर जगातला कोणीही निरोप टाकू शकत होता. पुढे १३५ बऱ्याच ठिकाणी अडवला गेला, तेव्हा हेच निरोप १०२६, १०२७ आणि त्यापुढच्या पोर्टांवरून येऊ लागले. डायल-अपवाल्यांना त्रास जास्त झाला, कारण त्यांच्या मशीनलाच सार्वजनिक आयपी पत्ता मिळायचा. राउटरच्या मागे बसलेल्यांपर्यंत हे सहसा पोहोचतच नसे.

खोटेपणा ओळखण्याची एक सोपी खूण होती. या चौकटीत फक्त मजकूर दाखवता येतो, लिंक देता येत नाही. त्यामुळे पत्ता हाताने टाइप करा असं सांगावं लागायचं. स्वतःच्या चुकांबद्दल सांगताना विंडोज कोणाला असा पत्ता टाइप करायला लावत नाही.

साइटवर गेलं की विकायला असायचं काय? हे निरोप थांबवणारा प्रोग्रॅम! नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सॅन दिएगोच्या एका कंपनीला याच कारणावरून कोर्टात खेचलं. आरोप असा की कंपनी स्वतःच लोकांवर निरोपांचा मारा करते, काहींच्या पडद्यावर दर दहा मिनिटांनी, आणि तो थांबवायला २५ ते ३० डॉलरचं सॉफ्टवेअर विकते. शिवाय निरोप पाठवण्याचा प्रोग्रॅम इतरांनाही देते, तोही ताशी १,३५,००० पत्त्यांवर पोहोचण्याच्या जाहिरातीसह. २००४ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीवर असे निरोप पाठवण्याची बंदी आली. आग लावणाऱ्यानेच पाण्याची बादली विकावी, तसा हा धंदा.

ज्यासाठी पैसे घेतले जायचे, ते काम असं होतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉग-इन करा. स्टार्ट, मग रन, तिथे ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ (services.msc) टाइप करा. यादीत ‘मेसेंजर’वर डबल-क्लिक करा. ‘स्टार्टअप टाइप’ डिसेबल्ड ठेवा, अप्लाय करा, मग ‘स्टॉप’ दाबा. नुसतं ‘स्टॉप’ दाबून ‘ऑटोमॅटिक’ तसंच ठेवलं, तर मशीन पुन्हा सुरू होताच चौकटीही परत. बरेच लोक इथेच चुकायचे. कमांडने करायचं तर आधी ‘नेट स्टॉप मेसेंजर’ (net stop messenger), मग ‘एससी कॉन्फिग मेसेंजर स्टार्ट= डिसेबल्ड’ (sc config messenger start= disabled). बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा मोकळी सोडायची, नाहीतर कमांड चालत नाही. तपासायला स्वतःलाच निरोप पाठवा: ‘नेट सेंड १२७.०.०.१ चाचणी’ (net send 127.0.0.1 test; हा आकडा म्हणजे स्वतःच्याच मशीनचा पत्ता). चौकट उघडली नाही आणि नेटवर्कवर असं नाव सापडत नाही अशी चूक आली, म्हणजे काम झालं.

इथे नावांचा घोळ फार होतो. गप्पांचा ‘विंडोज मेसेंजर’ वेगळा आणि ही सर्व्हिस वेगळी. गप्पांचा प्रोग्रॅम काढून टाकला तरी चौकटी थांबत नाहीत. ब्राउझरचा पॉप-अप ब्लॉकरही इथे कुचकामी, कारण ब्राउझर बंद असतानाही त्या येतात. काही जण पोर्ट १३५ बंद करायचा म्हणून ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ ही सर्व्हिसच बंद करतात. ते मुळीच करू नका, विंडोजचा बराचसा कारभार तिच्यावर चालतो.

मात्र चौकट बंद झाली म्हणजे धोका टळला असं नाही, आणि विकणारे नेमकं हेच सांगत नव्हते. बाहेरचा निरोप पडद्यावर येतो याचा अर्थ मशीनचे पोर्ट उघडे आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) टीसीपी १३५ वरूनच घुसला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द मेसेंजर सर्व्हिसमध्ये असा दोष निघाला की खास बनवलेल्या निरोपातून मशीनचा ताबा घेता येईल. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टच्या एमएस०३-०४३ या बुलेटिनमध्ये आहे. म्हणून खरा उपाय फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत. बाहेरून येणारे यूडीपी १३५, १३७, १३८, १०२६ ते १०२९ आणि टीसीपी १३५, १३९, ४४५ अडवा. विंडोज २००० मध्ये तशी तयार फायरवॉल नाही, तिथे राउटरच हवा. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ (दुरुस्त्यांचा एकत्र संच) मध्ये, ऑगस्ट २००४ पासून, मेसेंजर आपोआप बंद आणि फायरवॉल आपोआप चालू असते. पण जुन्या मूळ सीडीवरून एक्सपी पुन्हा टाकलात तर दोन्ही उलटं होतं, म्हणून सर्व्हिस पॅक चढेपर्यंत नेटवर्कची केबल काढून ठेवा.

ऑफिसच्या आतही याचा गैरवापर व्हायचा. मशीनचं नाव बदलून सर्व्हरसारखं ठेवायचं आणि ‘नेट सेंड’पुढे तारांकन (*) देऊन सगळ्यांना पासवर्ड कळवायला सांगायचं. फायरवॉल सीमेवर असेल तर आतला निरोप ती अडवत नाही, सर्व्हिस प्रत्येक मशीनवरच बंद करावी लागते. त्याआधी ‘अलर्टर’ (इशारे पाठवणारी विंडोजची सर्व्हिस) किंवा यूपीएसचे इशारे तिच्यावर अवलंबून आहेत का ते पाहा, ते मुकाट्याने थांबतात. व्हिस्टापासून ही सर्व्हिस आणि ‘नेट सेंड’ दोन्ही काढून टाकले आहेत.

पैसे भरून झाले असतील तर आधी कार्ड देणाऱ्या बँकेला कळवा. तिथून उतरवलेला प्रोग्रॅम विश्वासाचा धरू नका: मशीन नेटवर्कवरून तोडा, डेटाची प्रत काढा, विंडोज नव्याने टाका. हे करण्याआधी पुरावा जपा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ लॉग उघडून ‘अॅप्लिकेशन पॉपअप’ या सोर्सच्या, इव्हेंट क्रमांक २६ च्या नोंदी शोधा. प्रत्येक चौकटीचा मजकूर आणि वेळ तिथे सापडते. लॉग सेव्ह करून दुसरीकडे ठेवा. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता त्यात नसतो, तो हवा तर फायरवॉलचा लॉग लागतो, आणि यूडीपीमध्ये तोही खोटा लिहिता येतो.