मातीचे तापमान: बटण-लॉगर घ्यावा की थर्मोकपल?

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाच्या वावरात महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वरून उघडे, बाजूंनी पारदर्शक आणि आतली हवा थोडी तापवणारे असे उष्णताकक्ष उभारायचे आहेत आणि त्यांतील मातीचे तापमान कशाने मोजावे, हे ठरवायचे आहे. अशा कक्षांचा मोठा अनुभव आर्क्टिक टुंड्रातील आहे. १९९० मध्ये आखलेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात ते अलास्कापासून स्वीडनपर्यंत वापरले गेले.

तेथे उन्हाळ्यात कक्षातील हवा साधारण १ ते ३ अंशांनी तापते, माती मात्र बहुधा त्याहून कमी तापते आणि झाडोरा दाटून सावली पडल्यास कधी थंडही होते. म्हणजे मोजायचा आहे तो आतल्या आणि बाहेरच्या मातीतील फरक, आणि तो अनेकदा १ अंशाच्या आतच असतो. बटण-लॉगर म्हणजे बटणाएवढी, तापमान मोजून स्वतःतच साठवणारी डबी. त्यातला ०.५ अंशाच्या पायरीने नोंद करणारा स्वस्त प्रकार घेऊ नये, ०.०६२५ अंशापर्यंत नोंद करणारा प्रकार घ्यावा.

थर्मोकपल म्हणजे दोन निराळ्या धातूंच्या तारांचा जोड. जोड आणि लॉगरची पेटी यांच्या तापमानातील फरकानुसार त्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि अनेक तारा जोडलेली ही पेटी तो वाचून नोंदवते. थर्मोकपलची तार स्वस्त असते. मे महिन्यात लॉगरची पेटी उन्हात तापली की वाचन चुकते हे खरे, परंतु एकाच लॉगरच्या सर्व तारांना ही चूक जवळपास सारखीच लागत असल्याने फरक बराचसा शाबूत राहतो. हा तिचा मोठा गुण आहे. मात्र तारा उंदीर कुरतडतात आणि पेटी बंद पडली की सगळ्याच कक्षांच्या नोंदी थांबतात.

बटण-लॉगरला तार नसते, पण प्रत्येक बटणाची चूक निराळी असते, आणि ती ०.५ अंशापर्यंत असू शकते. टुंड्रात शरद ऋतूत मातीतील पाणी गोठताना उष्णता सोडते, त्यामुळे माती कित्येक दिवस शून्याच्या आसपास थांबते आणि बटण किती चुकते ते आपोआप दिसते. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून पुरण्यापूर्वी सर्व बटणे पातळ पिशवीत घालून थर्मासमधील कुटलेला बर्फ आणि डिस्टिल्ड पाण्याच्या मिश्रणात एक तास ठेवावीत आणि प्रत्येकाचे शून्यापासूनचे अंतर वहीत लिहावे. हंगाम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी.

खोलीकडे मात्र दोन्हींत सारखेच लक्ष द्यावे लागते. टुंड्रात गोठण्याने माती फुगते आणि संवेदक वर ढकलला जातो. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेत उघडा पडलेला संवेदक मातीचे नव्हे, तर हवेचे तापमान सांगतो. डवरणीनेही ५ सेंटिमीटरची खोली तेवढीच राहत नाही, म्हणून प्रत्येक डवरणीनंतर पट्टी लावून खोली तपासावी.

दहा-बारा कक्ष वावरभर विखुरलेले असतील तर माझे मत बटण-लॉगरच्या बाजूने आहे. कक्ष दोन-तीनच आणि धुऱ्याजवळ असतील तर थर्मोकपल घ्यावे आणि पेटी सावलीत, जमिनीपासून उंच बांधावी.