एका स्क्रूपायी: ठोकळ्यांच्या वाफेच्या इंजिनाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

ठोकळे जोडून बनवलेल्या माझ्या खेळण्यातल्या आगगाडीच्या बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू परवा जागच्या जागी गोल फिरायला लागला. आत जाईना, बाहेर येईना. म्हणून हे लिहायला बसलोय. इंजिन देखणं आहे, डबे उत्तम आहेत, त्याबद्दलही लिहीन. पण आधी स्क्रू.

कंपनीचं नाव घेत नाही. लेगोशी जुळणारे ठोकळे बनवणाऱ्यांपैकी एक, एवढं पुरे. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, ते केव्हाच संपलं. पुढे ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क सांगून पाहिला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केला नाही. त्यामुळे या कंपन्यांना मोकळं रान मिळालं आणि माझ्यासारख्या चिकट माणसाची सोय झाली. संच नेहमीचाच: इंजिनाला मोठ्या चाकांच्या तीन जोड्या, मागे टेंडर म्हणजे कोळशाची गाडी, टेंडरच्या पोटात ब्लूटूथचा हब, म्हणजे मोटरला वीज आणि हुकूम देणारी पेटी, आणि त्याला सहा एएए सेल. बाकीचे आकडे खोक्यावर आहेत आणि तुम्हाला पाठ असतील.

तर सेल बदलायचे कसे? आधी टेंडरवरचा कोळशाचा ढीग उचलायचा. मग बाजूची एक भिंत काढायची, कारण ती काढल्याशिवाय हबला बोटं लागत नाहीत. मोटरची वायर सोडवायची, हब बाहेर काढून पालथा करायचा आणि मग स्क्रू. सेल घातले की हेच सगळं उलट्या क्रमाने. प्रत्येक वेळी टेंडरच्या शिडीचा बारका दांडा निखळून पडतो आणि टेबलाखाली जातो. शिडीचं काही नाही, ती परत बसते. प्रश्न स्क्रूचा आहे.

सगळ्यांनाच तो एवढा छळणार नाही, हे मान्य. नवे अल्कलाइन सेल घालून महिन्यातून एकदा दोन फेऱ्या मारणाऱ्याला झाकण क्वचित उघडावं लागेल. मी वापरतो पुन्हा चार्ज होणारे. सहा सेल वापरायचे आणि फेकायचे, हे माझ्याच्याने होत नाही. पैसा जातो तो जातोच, वर कचरा. पण चार्जिंगवाल्याला झाकण सारखं उघडावं लागतं. म्हणजे या रचनेत काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा.

सुरुवातीला मी या सेलांवरही नाराज होतो. हिशोब साधा आहे. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, सहा मिळून ९. निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२. फरक डोळ्यांना दिसतो. नव्या अल्कलाइनवर इंजिन तीन डबे घेऊन वळणावर जोरात शिरायचं. चार्जिंगवाल्यांवर तेच इंजिन शांतपणे जायचं. तेव्हाच लिहिलं असतं तर ‘चार्जिंगचे सेल घालू नका’ असं ठामपणे लिहिलं असतं.

आज तसं म्हणणार नाही. अल्कलाइन सेलचा जोर पहिल्या मिनिटापासून उतरत जातो. मोटरने ओढ घेतली की त्याचा व्होल्टेज आणखी खाली येतो, कारण त्याचा अंतर्गत रोध जास्त. थोड्या वेळाने गाडी मंदावते आणि आपण रिमोटवर वेग वाढवत बसतो. निकेलवाला सेल सुरुवातीपासूनच कमी, पण बहुतेक वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम बसतो. एका ठरावीक वेगाने संथ गाडी चालवायची असेल तर हाच बरा. वाफेचं इंजिन सुसाट पळताना तसंही खेळण्यासारखं दिसतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सहा सेल एकाला एक जोडलेले असतात. त्यातला एखादा आधी संपला तर बाकीचे पाच त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याची धन-ऋण टोकं उलटी होतात आणि तो कायमचा बाद होऊ शकतो. म्हणून सहांचा एक गट करायचा, प्रत्येकावर मार्करने खूण करायची, एकत्र चार्ज करायचे, एकत्र घालायचे आणि गाडी मंदावल्यासारखी वाटली की तिथेच थांबायचं. पार बसेपर्यंत पळवायची नाही. अर्थात थांबायचं म्हणजे झाकण उघडायचं, आणि झाकण म्हटलं की तो स्क्रू आलाच.

स्क्रू लोखंडी, पेटी प्लॅस्टिकची. कारखान्यात तो कोऱ्या भोकात पिळताना त्याने स्वतःच प्लॅस्टिकमध्ये आटे पाडलेले असतात. ते एकदाच नीट पाडले जातात. पुढच्या वेळी स्क्रू जरा तिरका बसला की जुने आटे कापून तो नवे पाडतो, आणि असं होत होत शेवटी भोकात फक्त भुसा उरतो. यावर जुना इलाज आहे, सगळ्यांनी शिकून घ्यावा: स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा फिरवायचा. फिरता फिरता तो टक्कन खाली उतरल्याचं हाताला कळतं. तिथे जुना आटा सुरू होतो. मग सरळ फिरवायचा आणि अडला की सोडून द्यायचा, आवळायचा नाही. मी हे पहिल्यापासून करत आलोय. तरी आटे गेले, कारण ज्या खांबात स्क्रू जातो तो इतका आखूड आहे की त्यात जेमतेम तीन आटे मावतात. पितळेची एक छोटी बुशी, म्हणजे आतून आटे असलेली नळी, बसवली असती तर प्रश्नच उरला नसता.

हे सगळं सेवा विभागाला कळवलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. उत्तर आलं की स्क्रू ‘गरजेपेक्षा जास्त आवळला गेला’ आहे. मी विचारलं, झाकण आणि पेटीचा खालचा भाग सुटा मिळेल का? नाही, अख्खा हब घ्यावा लागेल. हब तर चालू आहे! होय सर, पण सुटे भाग उपलब्ध नाहीत. मग स्क्रू आहेच कशाला? लहान मुलांच्या हाती सेल लागू नयेत म्हणून.

हे कारण मला मान्य आहे, फक्त खोक्यावर ठळक अक्षरांत १८+ छापलंय. अठरा वर्षांवरच्या माणसाला सेल गिळण्यापासून वाचवण्यासाठी कंपनीने तीन आट्यांचा स्क्रू दिलाय.

मला खरा राग त्या स्क्रूच्या तिथे असण्याचा आहे. या सबंध इंजिनात दुसरं काहीही स्क्रूने धरलेलं नाही. बॉयलर, चिमणी, चाकांचे दांडे, डब्यांची छपरं, सगळं एकमेकांत रुतून बसलंय. हा छंद उभाच आहे त्या पकडीवर: हजारदा काढा, हजारदा लावा. आणि जो भाग सगळ्यात जास्त वेळा उघडायचा, नेमका तोच या पद्धतीबाहेर ठेवला.

शेवटी झाकणाच्या फटीत पातळ पातं घालून ते वर उचलत ठेवलं आणि मग स्क्रू फिरवला, तेव्हा तो निघाला. परत लावलाच नाही. टेंडरच्या तळाला आतून दोन प्लेटा (चपटे ठोकळे) अशा बसवल्या की हब जागेवर ठेवला की त्या झाकणावर दाबून बसतात. एका प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर, एक कमी पडत होती, दोन बरोबर बसल्या. आता स्क्रूविना झाकण हलत नाही. हात घातला तेव्हा बाजूची भिंतही काढती केली, त्यामुळे शिडी पडत नाही. ज्याला ठोकळे जोडता येतात त्याला हे जमेल. कंपनीच्या रचनाकाराला तर नक्कीच जमलं असतं.

लेगोच्या १९९१ ते साधारण २००७ पर्यंतच्या नऊ व्होल्टच्या गाड्या जपून ठेवणाऱ्यांना हे वाचून हसू येत असेल. त्यांचे रूळ धातूचे, वीज रुळातून मोटरला, गाडीत सेलच नाहीत. हसा. पण धूळ बसलेले रूळ पुसत कोण बसतं? एचओ मापाच्या, धातूच्या रुळांवरच्या छोट्या गाड्या चालवणाऱ्यांनाही तेच. प्लॅस्टिकच्या रुळांवर मी महिनोन्महिने फडकं फिरवलेलं नाही. पुसायचे ते फक्त ओढणाऱ्या चाकांवरचे रबर. त्यांना धूळ लागली की चाकं जागेवर फिरतात, ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा पकडतात. आणि सेलांचं वजनही वाया जात नाही. माझ्या संचात मोटर टेंडरच्या चाकांवर आहे, म्हणजे हबचा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवरच येतो. हब पहिल्या डब्यात हलवून पाहिला, तेव्हा तीन डब्यांवर चाकं घसरली.

आता कौतुक, कारण ते राहून जाईल. चाकांना जोडणारे दांडे फार सुंदर चालतात. खऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांपासून पाव फेरीने पुढेमागे असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर, जिथून दांडा चाक फिरवू शकत नाही तिथे, अडकली तरी दुसरी ओढते. इथे आस फुलीच्या आकाराचा असल्याने चाक पाव फेरीच्या पटीतच बसतं, त्यामुळे ९० अंश आपोआप जुळतात. फक्त जोडताना तिन्ही आसांना एकच दिशा द्या. एक जरी वेगळा बसला तरी दांडे अडतात आणि मोटर कण्हते. संथ चालीत एक बाजू वर असताना दुसरी मध्यावर दिसते, ते पाहत बसायला मला कंटाळा येत नाही. लेगोच्या २०२३ च्या ओरिएंट एक्सप्रेसमध्ये अडीच हजारांवर तुकडे आहेत, पण मोटर नाही. मला उभी गाडी नको. गाडी चालली पाहिजे, मग स्क्रूशी भांडावं लागलं तरी चालेल.

डब्यांच्या चाकांना धातूचे आस आहेत, ढकललं की लांबवर जातात. चुंबकाचे जोड पक्के आहेत. रंगाबद्दल तक्रार नाही, पण काळ्या भागांवर ओरखडे लगेच दिसतात. छपराचा पांढरा रंग उन्हात ठेवाल तर पिवळा पडेल, हे ठोकळ्यांच्या कुठल्याही एबीएस प्लॅस्टिकला लागू आहे. दिवा आहे, मिणमिणतो.

विकत घ्यायचा का? स्क्रूची तयारी असेल तर घ्या. अल्कलाइन सेल वापरणार असाल तर ते गाडीत घालून विसरू नका. गळले की पेटीतल्या पट्ट्यांवर पांढरा खार धरतो आणि मग स्क्रू शाबूत असून उपयोग नाही.

जागेचं म्हणाल तर वर्तुळाची त्रिज्या ठोकळ्यावरच्या ४० खुंट्यांएवढी, म्हणजे ३२ सेंटिमीटर, ती रुळांच्या मध्यापर्यंत. स्लीपर धरून ७० सेंटिमीटरहून किंचित जास्त चौरस जागा लागते. आणि बॉयलर लांब असल्यामुळे वळणावर इंजिनाचं नाक बाहेर येतं, तेव्हा रुळालगत सिग्नलचा खांब लावू नका, तो पडतो.

जास्तीचे रूळ घेताना सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, लगेच घेऊ नका. एवढ्या तीव्र वळणावर तिसरी जोडी अडू नये म्हणून मधल्या चाकांना रुळाला धरून ठेवणारी कडा दिलेली नाही. साध्या रुळावर त्याने काही बिघडत नाही. सांध्यावर मात्र जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथल्या फटीत ते बिनकडेचं चाक किंचित खाली जातं, दांडा धक्का खातो आणि मागची चाकं रुळावरून उतरतात. हळू नेलं तर निभावतं, डबे मागे असताना उलटं ढकललं तर हमखास उतरते. मी सांधा काढून ठेवलाय आणि त्याच्या जागी सरळ रूळ घातलेत.