श्वासावरचे ध्यान की २५ मिनिटांचे घड्याळ?

एकाग्रता वाढवण्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नोकरदारांना आणि परीक्षार्थींना सहसा दोन मार्ग सुचवले जातात. पहिला श्वासावर लक्ष ठेवण्याचा: मन भरकटले की ते ओळखायचे आणि न चिडता पुन्हा श्वासाकडे वळायचे. खरा व्यायाम या वळण्यातच आहे. मन भरकटले म्हणजे बैठक वाया गेली असे मानणारे तो उगाच सोडून देतात. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत याच धर्तीवर सुरू केलेला अभ्यासक्रम ८ आठवड्यांचा आहे, तेव्हा चार दिवसांत गुण येण्याची अपेक्षा धरू नये.

दुसरा मार्ग इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांचा: २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विश्रांती. अभ्यासाला बसणाऱ्याला तो लगेच मानवतो. मात्र बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराला, ज्याला यंत्रावर चढवलेला जॉब (घडवायचा सुटा भाग) मध्येच सोडता येत नाही, किंवा गिऱ्हाईक येईल तसे उठावे लागणाऱ्या दुकानदाराला हे घड्याळ फारसे उपयोगी पडत नाही. त्यांनी पाळीपूर्वी किंवा दुकान उघडण्याआधी दहा मिनिटे श्वासाला द्यावीत, हे अधिक व्यवहार्य. विद्यार्थ्याने घड्याळापासून सुरुवात करावी आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण विश्रांतीच्या ५ मिनिटांत तो हाती आला की पुढची २५ गेलीच म्हणून समजावे.