संख्येचे गुणधर्म सांगणारी एक सेवा: 4294967297 च्या कसोटीवर

एखादी मोठी पूर्ण संख्या दिली की तिचे मूळ अवयव, विभाजक, अंकांची बेरीज, द्विमान रूप वगैरे माहिती क्षणात मांडून देणाऱ्या एका विनामूल्य सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. तिचे गणित चोख आहे. काय दाखवायचे याची निवड मात्र कच्ची आहे.

कसोटीसाठी 4294967297, म्हणजे 2 च्या 32 व्या घातात 1 मिळवून येणारी संख्या, मुद्दाम घेतली. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्माच्या मते ती मूळ असायला हवी होती, पण तिला 641 ने भाग जातो हे स्विस गणिती ऑयलरने 1732 मध्ये दाखवले. शिवाय 2 हा पाया घेऊन केलेल्या फर्माच्या चाचणीत (2 चा दिलेल्या संख्येइतका घात करून त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी 2 उरते का, हे पाहणाऱ्या; विषम मूळ संख्येसाठी ती नेहमी 2 च उरते) ही संख्या बिनबोभाट उत्तीर्ण होते, त्यामुळे तेवढ्याच चाचणीवर विसंबणारे साधन तिला मूळ ठरवून मोकळे होईल. ही सेवा तशी फसली नाही. 641 × 6700417 हे अवयव, चार विभाजक, त्यांची 4301668356 ही बेरीज आणि संख्येहून लहान असून तिच्याशी सहमूळ असणाऱ्या संख्यांची 4288266240 ही मोजदाद, हे सारे कागदावर ताडून पाहिले असता बरोबर निघाले.

माझी तक्रार दोन वर्गांच्या बेरजेविषयी आहे. सेवा 65536 आणि 1 यांच्या वर्गांची बेरीज दाखवून थांबते. पण हीच संख्या 62264 आणि 20449 यांच्या वर्गांच्या बेरजेइतकीही आहे, आणि खरी गंमत त्या दुसऱ्या मांडणीत आहे. विषम मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात फार तर एकाच प्रकारे लिहिता येते, म्हणून दोन वेगळ्या मांडण्या सापडताच, एकही अवयव हाती नसताना, संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध होते. असा गुणधर्म अर्धवट सोडून अंकांची बेरीज 59 येते हे ठळक अक्षरांत सांगण्यात काय हशील? ती बेरीज दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे येते. पाया बदलला की तीही बदलते.

अचूकतेची दुसरी परीक्षा 9007199254740993 या संख्येने घेतली. मोठ्या संख्या दशांश अपूर्णांकांसाठीच्या नेहमीच्या 64 बिटांच्या साच्यात साठवणारे साधन येथे शेवटचा 3 गमावून 2 धरते आणि विषम संख्येला सम ठरवते. या सेवेने 3 जपला आणि 3 ने भाग जातो हेही सांगितले.

2 च्या 67 व्या घातातून 1 वजा करून मिळणाऱ्या 21 अंकी संख्येचे 193707721 आणि 761838257287 हे अवयव, जे अमेरिकी गणिती कोलने 1903 मध्ये जाहीर केले होते, तेही तिने विनाविलंब दिले. त्याहून बऱ्याच लांब संख्यांसाठी ती ‘संयुक्त; अवयव मिळाले नाहीत’ एवढेच लिहिते. संख्या संयुक्त आहे हे ठरवणे तिचे अवयव पाडण्यापेक्षा कितीतरी सोपे असल्यामुळे हे उत्तर अपुरे असले तरी प्रामाणिक आहे.